मी उतरलो की जनरेटर बंद पडतो

तीर्थरूप आत्यास,

भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकलं की हल्ली कंबर तिथेच मुक्काम करते, तेव्हा कागदावरचाच पुरा धरावा.) तुझा खोकला आता सकाळपुरता उरला असेल, गुडघे जिन्याशी भांडत नसतील, आणि कोपऱ्यातला तो भाडेकरू, म्हणजे तुझं ऑक्सिजनचं मशीन, दिवसभर नीट गुरगुरत असेल अशी आशा आहे. आमचं विचारशील तर तुझी सून ठणठणीत आहे. मीही अंगाने बरा आहे, पण गेल्या चार दिवसांत मला एकापाठोपाठ एक धक्के बसले आहेत. (विजेचे धक्के नव्हेत. ते बसायला आधी वीज असावी लागते, आणि सगळं रडगाणं तिथेच आहे.)

तुझं पत्र परवा आलं. बॅग भरून दाराशी ठेवली आहे, शाल वरच्या कप्प्यात आहे, धाकटीला येते म्हणून कळवून टाकलं आहे, एवढं वाचलं आणि मी पत्र उलटं करून ठेवलं. कारण ती बॅग रिकामी करायला सांगण्यासाठीच मी आज लिहायला बसलो आहे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, आधीच सांगून टाकलं. पण कारण ऐकल्याशिवाय तू मला सोडणार नाहीस, आणि फोनवर सांगावं तर तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिल्यावर तू फोनला हात लावायचा नाही असं ठरवून बसली आहेस. (जगातलं सगळं बोलून झालेलं मी ऐकलं आहे, असं तू म्हणतेस. हे जे मी सांगणार आहे ते तू ऐकलेलं नसणार.) म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. क्रम सुटला की मी भरकटतो. न सुटताही भरकटतो, पण मग निदान परत येता येतं.

धाकट्या आत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन महिनाअखेरीला आहे. डॉक्टर म्हणतात दिसेल, पण किती दिसेल ते आत्ता सांगता येत नाही, आणि म्हणून तिने तुला लिहिलं की दिसतंय तोवर ताईला एकदा नीट बघू दे. तुम्ही दोघी अकरा वर्षांत भेटलेल्या नाही. तुला मशीनशिवाय अर्धा तास निघत नाही, रस्ता नऊ तासांचा, आणि छोटा सिलिंडर बरोबर घेतला तरी तो तासभर पुरतो. रुग्णवाहिकेचं नाव काढलं तेव्हा तू म्हणालीस, तशी गेले तर धाकटीला वाटेल मी शेवटचीच भेटायला आले, आणि ऑपरेशन बाजूला ठेवून तीच माझ्या उशाशी बसेल. हेही खरं होतं. तेव्हा माझ्या मेहुण्याने आपलं बिऱ्हाड पुढे केलं.

बिऱ्हाड म्हणजे त्याचं मोटरहोम. त्याचा फर्निचरचा कारखाना आहे हे तुला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने हे जुनं मोटरहोम घेतलं, आतलं सगळं उचकटून काढलं आणि स्वतःच्या हाताने नवं केलं. पलंग, ओटा, फ्रिज, पडदे, संडास, सगळं आहे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तसं याचं चार चाकांवर, म्हणून घरात सगळे त्याला बिऱ्हाडच म्हणतात. लाकडाला पॉलिश असं केलं आहे की कपाटाच्या दारात बघून दाढी करावी. त्या पॉलिशपायी त्याने एकाही बटणावर चिठ्ठी चिकटवू दिलेली नाही. कुठलं बटण कशाचं ते ज्याचं त्याने लक्षात ठेवावं असा नियम आहे. मागे एका लोखंडी पेटीत डिझेलवर चालणारा जनरेटर आहे. तो सुरू केला की आतल्या प्लगना घरच्यासारखी वीज मिळते आणि पायरीखालच्या दोन बॅटऱ्याही भरत राहतात. दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप बॅटऱ्यांवर, आणि तुझा भाडेकरू जनरेटरवर, अशी वाटणी ठरली. तुझ्या डॉक्टरांची अट एकच होती, मशीन वाटेत बंद पडता कामा नये. मेहुणा म्हणाला, माझा जनरेटर घड्याळासारखा चालतो. (त्याच्या घरातलं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.)

मी शब्दावर विसंबणारा माणूस नाही, तुझ्या हाताखाली वाढलो आहे. तुझ्या मशीनसारखंच दुसरं एक मशीन त्याच दुकानातून चार-पाच दिवसांसाठी मागून आणलं आणि कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत बिऱ्हाड उभं करून रंगीत तालीम ठेवली. तुझी भूमिका मेहुण्याने स्वतः मागून घेतली. अंगावर शाल, नाकाशी नळी, डोळे मिटलेले, मधूनमधून तुझ्यासारखा खोकला. (तो खोकला इतका हुबेहूब होता की मला थोडा रागच आला.) तुझी सून वही घेऊन वेळा लिहायला बसली. मी देखरेखीला. जनरेटर सुरू केला, मशीन गुरगुरू लागलं, पंखा फिरला, आणि वीस मिनिटं असं सुरळीत चाललं की मी मनातल्या मनात तुला कौतुकाचं पत्र लिहायला घेतलं. जरा बाहेरून आवाज ऐकावा, धूर बघावा, म्हणून उतरलो आणि मागे पेटीपाशी जाऊन उभा राहिलो. दोनेक मिनिटं झाली असतील. जनरेटर दोनदा ठसकला, कण्हला आणि गप्प झाला.

आणि आतून ते मशीन किंचाळायला लागलं. वीज गेली की ते किंचाळतं हे तुला माहीत असेल. मला माहीत नव्हतं. मी धावत चढलो. मेहुण्याने डोळेसुद्धा उघडले नव्हते, त्याला वाटलं हाही तालमीचाच भाग आहे. पण खरं सांगतो आत्या, त्या शालीखाली मला मेहुणा दिसलाच नाही. तू दिसलीस. पुढे काय काय झालं ते हसण्यासारखं वाटेल तुला, पण तो आवाज कानात धरून हे वाच.

जनरेटर लगेच पुन्हा सुरू झाला, अगदी काही घडलंच नाही अशा थाटात. मग दिवसभरात तीन वेळा तेच. चालायचा, चालायचा, आणि मी तपासायला खाली गेलो की जायचा. एकदा मी बाहेर उभा असताना मेहुणा आत बसून सुरू करायचं बटण दाबत राहिला, तर जनरेटर ढिम्म. मी चढलो आणि पहिल्या दाबाला सुरू. आम्ही तेल बघितलं, हवेची जाळी झटकली, डिझेल बघितलं. मेहुण्याला एक शंका आली, की दाराशेजारचं काळं बटण कुणी बंद केलं की काय. ते म्हणे बॅटऱ्यांचं मुख्य बटण, आणि जनरेटरला डिझेल ओढून देणारा पिटुकला पंपही त्याच बॅटऱ्यांवर चालतो. मी स्वतः चढून बघितलं. चालू होतं. खाली येऊन तसं सांगितलं, पुन्हा शंका नको म्हणून परत चढून बघितलं. चालूच. ती शंका मी तिथल्या तिथे निकालात काढली.

तुझ्या सुनेने वहीत एक भलतीच नोंद केली होती. तिचं म्हणणं, जनरेटर नंतर बंद पडतो. आतला पंखा त्याच्या आधी, हे उतरल्या उतरल्या थांबतो. मी म्हटलं, अगं, पंखा बॅटरीवर, जनरेटर डिझेलवर, रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं कशाला करतेस. तिला अशा बारीकसारीक गोष्टी धरून ठेवायची सवय आहे. मी घरातून निघताना दिवाणखान्यातला दिवा घालवतो आणि ती तिथे पुस्तक वाचत बसलेली असते, यावरून सव्वीस वर्षं बोलते आहे. पण त्याचा इथे काही संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी जनरेटरच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात, कारण ते एक लांब स्क्रू-ड्रायव्हर यंत्राला टेकवून त्याची मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. वयस्क माणूस, बोलणं कमी, चाळीस वर्षं हेच काम. त्यांनी तासभर ऐकलं. मी आत बसून माहितीपुस्तिका मोठ्याने वाचून दाखवत होतो. (ती कुठल्या तरी परक्या भाषेतून आमच्या भाषेत आणलेली आहे, पण वाटेत फार सांडली आहे. एका पानावर ‘यंत्र दुःखी झाल्यास त्यास विसावा द्या’ असं छापलं आहे.) एक तास दहा मिनिटं जनरेटर सुतासारखा सरळ चालला. डॉक्टर प्रसन्न झाले, मला म्हणाले, या, तुम्हीपण ऐका. मी उतरलो, गेलो, मूठ कानाला लावली. आत कसा छान ठोका पडत होता. मी ऐकतो आहे, ऐकतो आहे, आणि माझ्या कानात त्याने प्राण सोडला.

डॉक्टरांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातातून हलकेच काढून घेतला. मग हळू आवाजात विचारलं, “काल पण तुम्ही उतरल्यावरच गेला का?”

तुझी सून दारातून म्हणाली, “प्रत्येक वेळी.”

यावर डॉक्टरांनी निदान केलं ते असं. जनरेटर तिरका झाला की आतलं तेल एका बाजूला जातं, आणि ते कमी पडलं असं समजून तो स्वतःला बंद करून घेतो. मी डाव्या बाजूला बसतो. मी उतरलो की डावी बाजू हलकी होते, गाडी उजवीकडे कलते, आणि खेळ खलास. सांगताना ते माझ्या पोटाकडे बघत नव्हते, पण बाकीचे दोघं बघत होते. मेहुण्याने कारखान्यातून पाणसळ, म्हणजे कल दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, आणून ओट्यावर ठेवली. मी चढलो, सगळ्यांनी बुडबुडा बघितला. मी उतरलो, सगळ्यांनी बुडबुडा बघितला. तो खरंच केसभर सरकत होता. आत्या, या वयात तीन माणसं आपल्याला सोडून एका बुडबुड्याकडे इतक्या आदराने बघतात तेव्हा काय वाटतं ते लिहिता येणार नाही.

मग मला लाकूड मोजायच्या काट्यावर उभं केलं. चौऱ्याऐंशी किलो. (मागच्या पत्रात मी तुला शहात्तर कळवलं होतं. ते चुकून.) तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचे चार मोठे कॅन भरले, कमी पडले तिथे खिळ्यांची पेटी ठेवली आणि बरोबर चौऱ्याऐंशी किलो माझ्या जागेवर रचून त्याला पट्टा बांधला. वरच्या कॅनवर मेहुण्याने माझी टोपी घातली. त्याची शास्त्राला काही गरज नव्हती. जनरेटर सुरू केला, मला अर्धा तास मधोमध उभं ठेवलं, मग मी उतरलो. बुडबुडा जागचा हलला नाही. आम्ही एकमेकांकडे बघून मान डोलावली, डॉक्टरांनी तर स्क्रू-ड्रायव्हर पुसून पिशवीत ठेवला. दोन मिनिटांनी जनरेटर ठसकला आणि गेला. आत टोपी तशीच होती.

डॉक्टर पायरीवर बसले. म्हणाले की जनरेटरमध्ये दोष नाही. असता तर तो त्यांना सापडला असता. एवढं बोलून त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. मग मेहुण्याने बघितलं. शेवटी तुझी सून, जी मांजर आडवं गेलं तर मांजराची चौकशी करते, पायगुण-बियगुण काही मानत नाही, तीसुद्धा माझ्या चपलांकडे बघायला लागली. मी हादरलो. ज्या यंत्राशी माझं काही जुनं वैर नाही, ज्याला मी कधी एक उणा शब्द बोललो नाही, त्याने माझ्या पावलांचा एवढा धसका घ्यावा?

आज चौथा दिवस. हे पत्र मी बिऱ्हाडात बसूनच लिहितो आहे, दहा वाजल्यापासून. मागे जनरेटर चालू आहे, शेजारी मशीन चालू आहे, डोक्यावर पंखा चालू आहे, आणि तीन तासांत एकदाही ठसका नाही, कारण मी जागचा उठलेलो नाही. तुझी सून चहा खिडकीतून देते आहे. आणखी पुरावा काय हवा? मी तर असंही सुचवलं की नऊ तास मी उतरणारच नाही. पाय बांधून घ्या, म्हटलं. त्यावर मेहुणा तयार होता. पण मग मला ते किंचाळणं आठवलं. वाटेत गाडी पंक्चर झाली, मला चक्कर आली, तुलाच काही हवं झालं आणि मी विसरून खाली पाय ठेवला, तर?

मला भीती वाटते, आत्या. सात वर्षांचा होतो मी तुझ्याकडे आलो तेव्हा. तू सकाळच्या पाळीला एक्स्चेंजमध्ये, मी तुझ्या मागून शाळेला. गॅस, नळ, मेन स्विच, कुलूप, सगळं घर तू एका पोराच्या हवाली करून जायचीस आणि वाटेत एकदाही मागे वळून बघायची नाहीस. तो विश्वास मी आजवर जपला. पण माझ्या चढण्या-उतरण्यावर तुझा श्वास टांगून ठेवायचा, एवढी माझी छाती नाही. तेव्हा बॅग उघड, शाल घडीसकट कपाटात ठेव. धाकट्या आत्याला मी स्वतः वेगळं लिहितो. काय लिहू ते अजून सुचलेलं नाही. रागव, पण मनात ठेवू नकोस.

तुझा
पायगुणाचा भाचा

ता. क. तोच दिवस, दुपार. अक्षर असं का आलं आहे ते पुढे कळेल. वरचं पत्र संपवलं, पाकिटावर पत्ता लिहिला आणि ते टाकायला म्हणून उतरलो. तुझी सून चहाचा कप घ्यायला आली होती, ती नेमकी पायरीच्या समोर, दाराकडे तोंड करून उभी होती. (चार दिवसांत एकदाही कुणी तिथे उभं राहिलं नव्हतं. आम्ही सगळे मागे, जनरेटरपाशी.) ती म्हणाली, परत चढा. मी चढलो. म्हणाली, आता उतरा. मी उतरलो. असं चार वेळा झालं. मला वाटलं उन्हाने हिचं डोकं फिरलं. मग तिने भावाला हाक मारून शेजारी उभं केलं, आणि डॉक्टर आपली हत्यारं न्यायला आले होते त्यांनाही. तिघं रांगेत उभे राहिले आणि मी पाचव्यांदा उतरलो.

कुणी हसलं नाही, तेच लागलं. मेहुणा म्हणाला, “भावोजी, तुमचा उजवा हात बघा.”

मी बघितला. तो दाराशेजारच्या काळ्या बटणावर होता आणि त्याने ते बटण बंद केलेलं होतं. आतला पंखा मंदावत होता. आम्ही चौघं मागे गेलो आणि वाट बघितली. नळीत होतं तेवढं डिझेल जनरेटरने दोन मिनिटं पुरवलं, मग दोनदा ठसकला आणि गेला. चढताना हाच हात तेच बटण चालू करत होता, म्हणून मी चढून बघायचो तेव्हा ते चालू. म्हणून मेहुण्याला जनरेटर सुरू होत नव्हता आणि मला होत होता. चौपन्न वर्षं हा हात माझ्या खांद्याला आहे आणि तो माझ्या पाठीमागे काय करतो याचा मला पत्ता नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण तो कळसा स्वतःच चालता होऊन आपली कळ दाबतो, हे कुठे ऐकलं नव्हतं. या हाताने उद्या माझ्या नावाने आणखी काय केलं असतं देव जाणे, म्हणून हे डाव्या हाताने लिहितो आहे. डॉक्टर पिशवी उचलता उचलता एवढंच म्हणाले की पायगुण नव्हे, हातगुण.

ता. क. दुसरा, संध्याकाळ. दुपारभर मी त्या हाताकडे बघत बसलो होतो, आणि मग आठवलं. तो मेन स्विच मी एकदाच विसरलो होतो. तू रागावली नाहीस. त्या संध्याकाळी तू मला दारातून वीस वेळा बाहेर जायला लावलंस आणि वीस वेळा आत यायला. जाताना स्विच खाली, येताना वर. मी रडकुंडीला आलो तेव्हा म्हणालीस, “डोकं विसरेल, हात विसरणार नाही.”

आत्या, हात विसरलेला नाही. सत्तेचाळीस वर्षं झाली. तेव्हा या सगळ्या प्रकाराला जबाबदार कोण, यावर तू जरा शांतपणे विचार कर. मी माझ्या बाजूने डॉक्टरांची, मेहुण्याची, जनरेटरची आणि पंख्याच्या बाबतीत तुझ्या सुनेची माफी मागून मोकळा झालो आहे. मेहुण्याने त्या बटणावर दोन तासांत लाकडी पेटी बसवली, तिला त्याच पॉलिशचं झाकण केलं आणि माझ्यासमोर कडी लावली. त्यानंतर मी चौदा वेळा उतरलो. जनरेटरला ठसका आला नाही. बॅग रिकामी केली असशील तर परत भर. पत्राचा वरचा भाग फाडून टाकला असता, पण त्यात चार दिवसांची मेहनत आहे.

ता. क. तिसरा. आत्याबाईंना सुनेचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून चार ओळी लिहिते. माझ्या वहीप्रमाणे मशीन आज दुपारनंतर चार तास पंधरा मिनिटं चाललं, मध्ये एकदाही थांबलं नाही. तुमच्या डॉक्टरांशी बोलले, छोटा सिलिंडरही बरोबर घेतला आहे. पुढच्या गुरुवारी सकाळी सातला तुमच्या दाराशी येतो, धाकट्या आत्यांना तसं कळवलं आहे. यांनी एक गोष्ट लिहायची टाळली. पेटी बसवल्यावर हे पहिल्यांदा उतरायला गेले तेव्हा हाताला बटण लागेना, तर पायरीवरच अडकून राहिले, एक पाय वर, एक खाली. ‘बंद केलं हो मी’ असं मी म्हटलं तेव्हा उतरले.

घरचा मेन स्विच निघताना तुम्हीच बंद करा, हौस तिथेच फेडून घ्या. कारण त्या हाताची शाळा कुठली ते आता कळलं आहे, आणि पेटीच्या कडीवर माझा भरवसा नाही. वाटेत आणि धाकट्या आत्यांच्या दारात उतरताना तुमचा उजवा हात माझ्या हातात असेल. यांचा हात माझा भाऊ धरेल. बाकी, सव्वीस वर्षं मी दिवाणखान्यात उघडं पुस्तक घेऊन अंधारात बसले, त्याबद्दल यांना मी आज माफ केलं. तुमच्याशी मात्र त्यावर बोलायचं आहे, आणि रस्ता नऊ तासांचा आहे.